आकाचं खतखतं आणि टीव्हीवरचं गाऱ्हाणं

हळर्ण, पेडणे
सोमवार, १४ ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप शालूआका हिच्या पायांशी, तुझा धाकटा (वयाने एकसष्ट, अकलेने तू ठरवशील तितका) भाऊ गोकुळदास याचा वाकून नमस्कार. तुम्हा दोघांच्या प्रकृती कशा आहेत? भावजींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत असशीलच. त्यांना सांग, पावसात बांद्याच्या बाजारात चालत जायची हौस यंदा पुरे. इथे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे, आणि विनोदिनीही खुशाल असावी असा माझा अंदाज आहे. अंदाज एवढ्यासाठी की आठ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. मला जे सांगायचं ते ती गोठ्यात जाऊन गाईला सांगते आणि मी ओसरीवरून ऐकतो. जेवण वाढल्याचं काल मला तसंच कळलं.

तुझं कार्ड शनिवारी पोचलं. पोस्टमनने ते माझ्या हातात देताना ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून त्याने ते वाचलं होतं हे उघड आहे. दोनच वाक्यं असल्यावर त्याला तरी काय दोष द्यायचा? ‘माझे खतखते तुम्ही टीव्हीवर आपले म्हणून मांडलेत. चवथीला माझी वाट पाहू नये.’ वर आशीर्वाद नाही आणि खाली सही नुसती ‘शालिनी’. आका, लग्न होऊन गेलीस तेव्हापासून एकेचाळीस चवथी झाल्या, त्यातली एकही तू चुकवली नाहीस. स्वप्नीलच्या वेळी सातवा महिना असताना सुद्धा एसटीने आलीस आणि गणपतीवरच्या माटोळीला कुठली फळं कुठे बांधायची ते खुर्चीवर बसून ओरडून सांगितलंस. आणि यंदा भाज्यांच्या एका पातेल्यापायी येणार नाहीस? ते कार्ड मी देवाच्या फोटोमागे ठेवलं आहे. तिथे ते मला दिसतं आणि देवालाही दिसतं. फोन करावा तर तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. हे तरी शेवटपर्यंत वाच, कारण सगळा घोटाळा तू कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला नाहीस त्यामुळे झाला आहे. (तुझा दोष नाही. सव्वानऊनंतर पाचच मिनिटांनी तुमच्याकडची वीज गेली, हे स्वप्नीलने मला फोनवर सांगितलं. गोव्याची वीज न सांगता जाते, तुमची वेळापत्रक लावून जाते, एवढाच काय तो फरक.)

तेव्हा आधीपासून सांगतो. सर्वणचा सुदेश तुला आठवत असेल. गेल्या चवथीला दुसऱ्या दिवशी जेवायला आला होता आणि खतखतं तीनदा मागून घेतलं होतं, तो. हा सुदेश म्हापशाच्या केबलवाल्या वाहिनीत असतो आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता ‘रविवारची चूल’ म्हणून कार्यक्रम करतो. एका बाजूला कोणीतरी बाई रांधते, दुसऱ्या बाजूला कोणीतरी नामांकित माणूस सोफ्यावर बसून आपण लहानपणी किती गरीब होतो ते सांगतो, आणि शेवटी नामांकित माणूस बाईचं रांधप चाखतो आणि ‘अप्रतिम’ म्हणतो. जे काय होतं ते त्याच क्षणी घराघरांत दिसतं, मागाहून कापाकाप करायची सोय नाही. तर जुलैत सुदेश आला आणि म्हणाला, “गोकुळदासबाब, तुमगेलें तें खतखतें आमकां टीव्हीचेर जाय.” आता इथे माझी पहिली चूक. मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की बाबा, तू जे खाल्लंस ते माझ्या बहिणीच्या हातचं. सांगितलं नाही. मनात म्हटलं, आकाला बांद्याहून बोलवावं तर भावजींचा गुडघा. आणि विनोदिनी बत्तीस वर्षं तुझ्या बाजूला बसून भाज्या चिरते आहे, तिला येतंच. शिवाय ती हे ऐकत दारामागे उभी होती. तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ‘नाही’ म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घराचं लग्नघर झालं. कणंगांचे कंद आणले, सुरण उकरला, नीरफणस झाडावरच राखण ठेवून वाढवला. भाज्या विषम हव्यात हा तुझा दंडक, म्हणून नऊ. मग विनोदिनीला वाटलं नऊ टीव्हीवर कमी दिसतील, म्हणून अकरा. हिरवी तिरफळं मी स्वतः काढली आणि हाताला काटे टोचवून घेतले. (याची नोंद कोणी घेतली नाही.) रविवारी पहाटे शेजारच्या सगुणच्या पिकअपमध्ये पातेली, रगडा, नारळ आणि आम्ही, असे निघालो. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत विनोदिनी पाठ केलेलं म्हणत होती, ‘नमस्कार, मी सौ. विनोदिनी गोकुळदास परब,’ आणि प्रत्येक वेळी ‘गोकुळदास’ला अडखळत होती.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानाच्या वरचा मजला. तिथे चूल नव्हतीच, गॅस होता. चुलीचं चित्र मागे भिंतीवर होतं. पाहुण्यांशी बोलायला तेजस्विनी नावाची मुलगी होती, पुण्याची. फार गोड मुलगी. तिने पहिलाच प्रश्न विचारला, की काका, तुम्ही कोंकणीत बोलणार की मराठीत, म्हणजे मला तशी तयारी करता येईल. आका, शहाऐंशी साली राजभाषेच्या आंदोलनात ह्याच प्रश्नापायी आपल्या वाड्यावर दोन घरांचं जाणं-येणं बंद पडलं होतं, आणि ही पोर तो चहात साखर किती असं विचारावं तसं विचारत होती. मी म्हटलं, बये, आम्ही लिहितो ते बोलत नाही आणि बोलतो ते लिहीत नाही, तुला झेपेल ते धर. ती हसली आणि तिने वहीत ‘मराठी’ असं लिहिलं.

नऊला कार्यक्रम सुरू झाला. नाव सांगताना विनोदिनी अडखळली नाही. वाटण दाखवलं, डाळ दाखवली, अकरा भाज्यांची ओळख करून दिली. मग गडबड अशी झाली की तिला गूळ घालायला चमचा हवा होता आणि आपल्या बोलीची सवय, ती तेजस्विनीला म्हणाली, “गो बाय, माका एक कुलेर दी.” त्या बिचारीने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, “कूलर? अहो मावशी, इथे एसी आहे की! गरम होतंय का?” विनोदिनीला वाटलं ही चेष्टा करते आहे. ती म्हणाली, “गरम कित्याक जातलां? कुलेर, कुलेर!” मग कोणीतरी पळत जाऊन खरोखरच एक टेबलफॅन आणला आणि तिच्यावर सोडला, त्याने गॅस विझला आणि किसलेलं खोबरं सोफ्यापर्यंत गेलं. ह्या सगळ्या धांदलीत पातेल्यात तिरफळं जरा जास्त पडली. कशी पडली हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि मी त्या विषयात शिरत नाही.

पंखा बंद झाला, गॅस पेटला, आणि झालं गेलं विसरावं म्हणून तेजस्विनीने गोड आवाजात विचारलं, मावशी, ही रेसिपी कुणाची? आईची की सासूबाईंची? आणि विनोदिनी म्हणाली, “माझीच. माझं स्वतःचं आहे हे.”

इथे तुमची वीज गेली. तू इथवर पाहिलंस, टीव्ही काळा झाला, आणि त्या काळ्या टीव्हीसमोर बसून तू ते कार्ड लिहिलंस. आका, खरं सांगतो, ते शब्द मीही ऐकले. मी कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीवर बसलो होतो आणि मला तिथे तुझा चेहरा दिसायला लागला. आई गेली तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि मी पंधराचा, आणि तेराव्या दिवसानंतर पहिल्यांदा घरात गोडाधोडाचं जेवण झालं ते त्या वर्षीच्या चवथीला, तूच रांधलेलं. ते खतखतं मी विसरेन होय? पण तुझं पाहणं वीज गेली तिथेच थांबलं. त्यापुढे जे झालं ते सबंध गोव्याने पाहिलं, आणि जिच्यासाठी झालं तिनेच पाहिलं नाही. म्हणून आता नीट वाच.

त्या रविवारचे नामांकित पाहुणे होते नट मकरंद देवभानकर. म्हणजे मालिकेतले वकील आबासाहेब. तुम्ही दोघं रोज पाहता तेच. केरीच्या किनाऱ्यावर त्यांचं चित्रीकरण चाललं होतं, तिथून सुदेशने त्यांना उचलून आणलं होतं. मालिकेत हा गृहस्थ बोलून बोलून समोरच्या वकिलाला रडवतो, आणि प्रत्यक्षातही तसाच. सोफ्यावर बसून त्यांनी वीस मिनिटं आपली गरिबी सांगितली. मध्येच डोळे पुसले, मध्येच एक संवाद म्हणून दाखवला, आणि कोकण हे आपलं आजोळ असल्याचंही सांगितलं (कोकणात कुठे, ते तेवढं आठवेना). मग खतखत्याची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोठासा मक्याचा तुकडा उचलला, त्याला चिकटलेली तीन की चार हिरवी तिरफळं बियांसकट होती, आणि आजोळ कोकणात असलेल्या माणसाने ती बाजूला काढायची सोडून चावली.

तुला तिरफळाचा गुण सांगायला नको. त्यांनी ‘अप्रतिम’ म्हणायला तोंड उघडलं. ‘अप्’ पर्यंत आले आणि थांबले. मग कॅमेऱ्याकडे बघून हसले. मग पुन्हा प्रयत्न केला तर ‘अप्फथिम’ असं काहीतरी आलं. मग त्यांनी स्वतःची जीभ दोन बोटांनी धरून पाहिली, आहे की गेली म्हणून. पाणी दिलं तर पाणी खारट लागतंय अशी खूण केली. आबासाहेबांची वाचा गेली! घड्याळात नऊ पंचेचाळीस, कार्यक्रम दहापर्यंत, आणि ज्याच्या बोलण्यावर तो चालायचा तो माणूस सोफ्यावर आ करून बसलेला. काचेपलीकडून सुदेश दोन्ही हात ताणून तेजस्विनीला ‘वेळ ओढ, ओढ’ अशा खुणा करत होता.

आता त्या कार्यक्रमात ‘नवरोबांचं गाऱ्हाणं’ म्हणून एक भाग असतो. तिकडच्या मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. नवऱ्याने पुढे यायचं, बायको मीठ जास्त घालते किंवा पुस्तकं वाचू देत नाही असं काहीतरी लटकं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. तेजस्विनी माझ्यापाशी धावत आली, मला हाताला धरून दिव्यांच्या उजेडात उभं केलं आणि हात जोडून म्हणाली, “काका, आता तुमचं गाऱ्हाणं होऊन जाऊ द्या!”

आका, तूच सांग, मी काय समजायचं? घरी आलेल्या पाहुण्याची वाचा गेलेली, मंडळी भांबावलेली, आणि पुढ्यात एक मुलगी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घाला म्हणते आहे. आपल्याकडे अशा वेळी घरातला मोठा पुरुष दुसरं काय करतो? उलट मला तिचं कौतुक वाटलं, की पुण्याची असून हिला आपली रीत ठाऊक आहे, आईबापांनी चांगलं वळण लावलंय. मी चपला काढल्या. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल ठेवला. नारळ हवा होता; सजावटीच्या समईपाशी एक होता तो उचलला, तर तो डिंकाने चिकटवलेला, त्याच्याबरोबर केळीचं पान, त्याखालचं कापड आणि कापडावरची समई, सगळं माझ्याकडे आलं. ते सगळं तसंच पोटाशी धरून मी पूर्वेकडे तोंड केलं (म्हणजे कॅमेऱ्याकडे पाठ) आणि सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, माये सातेरी, बारापाचाच्या देवा म्हाराजा! आज ह्या चेडवान तुका गाऱ्हाणां घालूक सांगलां हा, ता कान देवन आयक म्हाराजा!”

एवढं झालं, आणि मागून आवाज आला, ‘होय म्हाराजा!’ मला वाटलं विनोदिनी. विनोदिनी नव्हती. कॅमेरेवाला दोडामार्गचा, दिवेवाला धारगळचा, आवाजवाला डिचोलीचा. तिघांनी कानांवरची यंत्रं काढून हात जोडले होते. काचेमागे सुदेश उभा राहिला होता. जाहिरात लावायची त्याची वेळ झाली होती, पण गाऱ्हाणं मधेच तोडण्याची त्याची काय बिशाद! सर्वणच्या माणसाला एवढं कळतं. त्याने जाहिरातीच्या बटणावरून हात काढला आणि तोही म्हणाला, होय म्हाराजा.

मग मला जोर चढला. “ह्या टीवीच्या घराक, ह्या दिव्यांक, ह्या यंत्रांक कोणाची वायट नजर लागली आसात, कोणी काय केल्ला-सवरल्ला आसात, तर ता सात दर्यांपलीकडे धाड म्हाराजा!” होय म्हाराजा. “परगावच्या ह्या आबासाहेबाची जीब बंद पडल्या. तेचा प्वॉट त्या जिबेर चलता. ती परत चलूक लाव म्हाराजा!” होय म्हाराजा. (हे तेजस्विनी सुद्धा म्हणाली. हसू दाबून म्हणाली की भक्तीने, ते सांगता येत नाही.) आणि आका, गाऱ्हाण्याचा एक गुण तुला ठाऊक आहे, की एकदा तोंड उघडलं की पोटात काही राहत नाही. देवापुढे उभा राहून खोटं कसं बोलायचं? मी जे बोललो ते शब्दशः लिहितो. “आनी म्हाराजा, जा खतखतां आज हय मांडलां हा, ता माझ्या थोरल्या भयणीचां, शालिनीचां. आवय गेल्यार तिणां आमकां तेच्यार वाडयलां. घरकान्नीच्या तोंडातसून ‘माझां’ म्हणून गेलां, आनी म्या घोव असान गप रवलंय. ही चूक माझी, ती पदरात घे म्हाराजा. भयण आता बांद्यात बसान ह्या सगळां बगता, तिचो राग शांत कर, आनी तिका चवथीक माहेराक धाड म्हाराजा!”

होय म्हाराजा! सगळा मजला दणाणला. आणि त्या आवाजात एक आवाज भरदार, खणखणीत आणि स्पष्ट होता. तो आबासाहेबांचा. त्यांची जीभ आली होती! आता तिरफळाचा अंमल तसाही दहा-बारा मिनिटंच राहतो, आणि माझं गाऱ्हाणं अकरा मिनिटं चाललं होतं, हे मला कळतं. पण ते त्यांना कोण सांगणार? ते सोफ्यावरून उठले आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडले. त्याबरोबर दहा वाजले आणि कार्यक्रम संपला.

तेव्हा आका, तुझं खतखतं कोणी चोरलेलं नाही. ते तुझं असल्याचं तिराकोलपासून काणकोणपर्यंत जाहीर झालं, तेही देवाच्या साक्षीने. फक्त बांद्यात वीज नव्हती. पण ह्यात एका माणसाचं काय झालं, ते मला त्या वेळी सुचलं नाही. मी पाठमोरा होतो. वळलो तेव्हा विनोदिनी पातेल्यापाशी उभी होती, हातात शेवटी मिळालेली कुलेर तशीच. रडत नव्हती. येताना ती पिकअपमध्ये सगुणच्या शेजारी पुढे बसली आणि मी मागे पातेल्यांबरोबर. वाहिनीवर दिवसभर फोन येत होते म्हणे, पण खतखत्याची कृती विचारणारा एकही नाही. सगळे गाऱ्हाणंवाले काका कुठले हेच विचारत होते. मंगळवारी सुदेशचा फोन आला, की पुढच्या रविवारपासून तुम्ही दर आठवड्याला पाच मिनिटं या. तुम्ही एकटेच या, असं म्हणाला. फोनचा आवाज मोठा आहे, स्वयंपाकघरात ऐकू जातो.

आता मी दोन्हीकडून गेलो आहे. तू तिच्यावर रागावलीस, ती माझ्यावर रागावली, आणि गाय सोडली तर ह्या घरात मोकळेपणाने बोलणारं कोणी उरलं नाही. चवथ सत्तावीसला आहे. आका, तू ये. तू उंबऱ्यात उभी राहून ‘हे काय, अजून माटोळी बांधली नाही?’ असं म्हटलंस की मग घरात गणपती आल्यासारखा वाटतो, त्याआधी ती नुसती मूर्ती असते. मला ह्या वयात आई नाही, तूच आहेस. रागावलीस तरी येऊन रागाव. भावजींना साष्टांग नमस्कार, स्वप्नीलला आशीर्वाद.

तुझा अपराधी पण निर्दोष भाऊ,
गोकुळदास

ता. क. शक्यतो दोन दिवस आधी, पंचवीसलाच ये. कारण विनोदिनीने परवा गाईला स्पष्ट सांगितलं, की यंदा खतखत्याच्या पातेल्याला ती हात लावणार नाही. आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी सुदेश, तेजस्विनी, कॅमेरेवाले आणि आबासाहेब धरून चौदा माणसं जेवायला येणार आहेत. मी भरात हो म्हणून बसलो. तेव्हा रांधायला तू लागशीलच. (ह्यासाठीच हे पत्र लिहिलं असं मनात आणू नकोस. ह्यासाठीही लिहिलं.)

ता. क. दुसरा. दर रविवारी जायचंही मी कबूल केलं आहे. काल पहिला झाला. सुदेशने नवा नारळ ठेवला होता, न चिकटवलेला. विनोदिनीला मी पेडण्याला युरिया आणायला जातो असं सांगितलं. तू आलीस की हळूच तूच सांग.

ता. क. तिसरा. डिंक संपला आहे. पाकीट चिकटवायला विनोदिनीकडे चार शितं मागतो, कशाला ते न सांगता.

वन्सं, सा. न. वि. वि. शितं मागितली तेव्हाच कळलं, हे पत्र तुम्हालाच. शितं आणायला आत गेले तर यांना तिथेच ओसरीवर झोप लागली, पाकीट उघडं. वाचलं. यांचं अक्षर लावायला अर्धा तास गेला.

तिरफळांची मूठ यांनी टाकली. मी पंख्याकडे बघत होते तेव्हा ‘मदत करतो’ म्हणून आले आणि बियांसकट ओतली. पातेल्यातून काढणार तोवर त्या मुलीने प्रश्न विचारला. युरियाचं मला माहीत आहे. काल शेजारी सगुणच्या घरी बसून टीव्हीवर पाहिलं. बरं बोलले, पण रुमाल मळका होता.

वन्सं, तुमच्या भावाने देवाला सांगितलं की माझ्या तोंडातून ‘माझं’ म्हणून चुकून गेलं. चुकून नाही गेलं. बत्तीस वर्षं दर चवथीला तुमच्या बाजूला बसून मी चिरते, वाटते, ढवळते. आणि दर वर्षी वाटण घालून झालं की तुम्ही म्हणता, विनू, परसातून हळदीचं एक पान घेऊन ये. मी भिजत जाते, पान घेऊन येते, तोवर तुम्ही काय ते घालून झाकण ठेवलेलं असतं. पान तुम्ही खिडकीत, जनेलात ठेवता. त्याचं काही करत नाही. पहिली चार-पाच वर्षं मला कळलं नाही. मग कळलं, तरी जात राहिले. मागाहून एकटीने किती वेळा करून पाहिलं. घरात सगळे मुकाट जेवतात आणि कोणीतरी म्हणतंच, आकाचं खतखतं म्हणजे आकाचं.

त्या मुलीने विचारलं ना, कुणाचं. तुमच्यासारखं ते माझ्या हातून एकदाही झालेलं नाही, मग ते तुमचं म्हणून कसं सांगू? जे झालं ते माझंच होतं.

रागावू नका. दोन दिवस आधी नको, चार दिवस आधी या. पातेलं घासून ठेवते, भाज्या चिरून ठेवते, चौदा काय चाळीस माणसं येऊ देत. फक्त यंदा मला परसात पाठवू नका.

तुमची,
विनू